उरलं तेवढं आपलं

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो डबा उघडायचा, टेबलाच्या मधोमध सरकवायचा आणि हात धुवायला निघून जायचा. परत येईपर्यंत त्याच्या आईनं थापलेल्या नाचणीच्या भाकरी आणि वरचा झुणका आम्ही सगळ्यांनी मिळून जवळपास संपवलेला असायचा. तो डब्यात डोकावायचा. कोपऱ्यात अर्धी भाकरी दिसली की चेहरा असा खुलायचा, की जणू कुणी आत्ताच गरम करून वाढली आहे. मग म्हणायचा, "उरलं तेवढं आपलं."

मी माझा डबा माझ्यापुढं ठेवून खायचो. अजूनही तसाच खातो, आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. पण तुम्हीही असा एखादा माणूस बघितला असणार. तो स्वतःचं वाटून टाकतो आणि आपण आपलं खात असलो, तरी चोरून खाल्ल्यासारखं वाटायला लावतो. अशा माणसाचा राग येतो. मला तरी यायचा.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी इंजिनिअर झालो तेव्हा आबांनी, म्हणजे वडलांनी, गल्लीत पेढे वाटले. पण काय शिकलास असं कधी विचारलं नाही. "मशिनचं शिकलाय," एवढंच ते गावात सांगायचे. ट्रॅक्टर बंद पडला की लोक मला बोलवायचे आणि मला तो दुरुस्त करता आला नाही की आबांकडं बघायचे.

शेवटच्या वर्षाला मी सेमिनार दिला होता, समुद्राच्या पाण्यातून वीज काढण्यावर. लाटांची वीज नव्हे. समुद्राचं वरचं पाणी उन्हानं कोमट असतं आणि किलोमीटरभर खाली ते कायम थंडगार असतं. या दोन पाण्यांतल्या फरकावर यंत्र चालवता येतं. कोळसा नको, धूर नाही, सूर्य मावळला तरी बंद पडत नाही. मी जीव तोडून सांगितलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "कोल्हापुरात समुद्र कुठनं आणलाय?" सगळा वर्ग हसला. गुण चांगले पडले, पण ते हसणं माझ्या लक्षात राहिलं. म्हणजे हा विषय माझा होता, एवढं तुम्हीही लक्षात ठेवा.

पुढं मी कागल रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागलो. आम्ही डेअऱ्यांसाठी दूध थंड करायची यंत्रं बनवतो. पातळ पत्र्यांच्या प्लेटा एकामागं एक दाबून बसवलेल्या असतात. एका फटीतून दूध जातं, शेजारच्या फटीतून गार पाणी. दोघांची गाठ पडत नाही, फक्त ऊब इकडची तिकडं जाते. तो माझ्यानंतर आला. शाहूवाडीकडचा, डोंगरातला. माझ्याच कॉलेजचा, माझ्यानंतरच्या तुकडीचा, आणि गुणांनी माझ्यापेक्षा बराच खाली. त्याच्या आकडेमोडीत दशांश चिन्ह पाहुण्यासारखं असायचं; कधी या घरात बसायचं, कधी त्या. मी दुरुस्त करून द्यायचो. तो म्हणायचा, "भावा, तू हाईस म्हणून माझं चाललंय." हे तो सगळ्यांसमोर म्हणायचा, त्यामुळं त्याची चूकही गोड होऊन जायची.

एक दिवस मालकांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. दक्षिणेकडच्या एका बेटावर समुद्रातल्या ऊब-गारव्यावर वीज काढायचा प्रयोग चालला होता आणि तिथल्या प्लेटांचं थोडं काम आमच्याकडं आलं होतं. माझ्या छातीत काहीतरी लकाकलं. मालक मला म्हणाले, "तू सांग पोरांना. तुझा अभ्यास हाय."

मी फळ्यावर सगळं चक्र काढलं. कोमट पाणी अमोनियाला उकळवतं, त्याची वाफ टर्बाईन फिरवते, मग गार पाणी त्या वाफेचा पुन्हा द्रव करतं. बाण, नावं, सगळं नीट. नाना नावाचे आमचे सगळ्यात जुने फिटर जांभई दाबत होते. मग दाराला टेकून उभा असलेला तो बोलला.

"नाना, डेअरीत दूध कसं येतंय?"

"कोमट. म्हशीच्या पोटातनंच येतंय की."

"आणि आपुन काय करतोय?"

"गार."

"फुकट हुतंय व्हय?"

"कुठलं फुकट? लाईट बिल बघ डेअरीचं."

"हां. म्हंजे वीज घालतोय आणि गारवा काढतोय. त्या बेटावर गारवा खाली तयार हाय, ऊब वर तयार हाय. आपलंच मशीन उलटं चालवायचं. गारवा घालायचा, वीज काढायची."

नाना सरळ होऊन बसले. "आयला. इषय हार्ड हाय मग ह्यो."

सगळ्यांना कळलं. मी फळ्यावर नेमकं हेच काढलं होतं. बाणसुद्धा त्याच दिशेला होते.

मग मी उठून खरी अडचण सांगितली, कारण ती सांगणारा तिथं दुसरा कुणी नव्हता. म्हटलं, खालचं गार पाणी आपोआप वर येत नाही. ते ओढायला पंप लागणार, आणि निघालेल्या विजेतली बरीचशी तो पंपच खाणार. मग उरणार किती?

तो हसून म्हणाला, "खाऊ दे की पंपाला. उरलं तेवढं आपलं."

सगळा कारखाना हसला. मला एवढंच म्हणायचंय की मुद्दा माझा बरोबर होता.

त्या दिवसापासून पोरं त्याला दर्यासारंग म्हणायला लागली. सकाळी तो गेटातून आत आला की "या दर्यासारंग, आज भरती का ओहोटी?" असं चालायचं. गंमत म्हणजे तोवर त्यानं समुद्र पाहिलाच नव्हता. मी पाहिला होता. कॉलेजच्या सहलीत, गणपतीपुळ्याला.

उन्हाळ्यात एका रविवारी तो आमच्या घरी आला. म्हणाला, "तुमची हीर खोल हाय म्हणालतास. वर कोमट आणि खाली गार असं हिरीत बी असंल की. बघूया." सोबत बूच लावलेली बाटली, बुचाला दोरी, खिशात थर्मामीटर. खोल गेल्यावर दोरीला हिसका दिला की बूच निघून तिथलंच पाणी बाटलीत भरणार, असा बेत.

आबा विहिरीच्या काठावर बसले होते. आबांनी निम्म्या मुडशिंगीला पोहायला शिकवलंय. शिकवायचं म्हणजे पाठीला डबा बांधायचा आणि ढकलायचं. बाटली आत सोडताना बघून ते म्हणाले, "पावणं, काय हरवलंय व्हय हिरीत?"

त्यानं सांगितलं. आबा हसायला लागले. "त्येला बाटली कशाला? पाय घाल की आत. बुडी मारली की एक जागा येती बघ. वर आंघुळीचं पाणी, खाली माठातलं. मधी कुणी चादर पसरल्यागत. तेवढ्यात अंगावर काटा येतोय."

तो बाटली विसरला. "आबा, परत सांगा. चादर किती खाली लागती?"

"उन्हाळ्यात खाली जाती, थंडीत गुंडाळूनच टाकती."

"आबा, ह्या चादरीवर लोक समुद्रात वीज काढालेत."

मला त्या चादरीचं शास्त्रीय नाव पाठ होतं. मी सांगितलंही. दोघांनी माझ्याकडं बघून मान डोलावली आणि पुन्हा विहिरीत वाकले.

दुपार गेली, चहा झाला, तरी आबांचं बोलणं संपेना. कुठल्या विहिरीला झरा कुठल्या अंगाला आहे, कुठं पाण्यात पाय गारठतात, कुणाला बुडताना ओढून काढलं. मी घरातला असून हे कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी आबा त्याला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. आबा कुणाला सोडायला जात नाहीत. माझ्या सासऱ्यांनासुद्धा उंबऱ्यावरूनच रामराम असतो.

परत आल्यावर पायांवर पाणी घेत म्हणाले, "असलं काम चालतंय व्हय तुमच्याकडं? तू सांगितलं न्हाईस कवा."

"सांगितलतं की. कॉलेजात हुतो तवा."

आबांनी आठवून बघितलं. "आसंल," म्हणाले. "पर असं न्हाय सांगितलंस."

त्या रात्री मी जेवलो नाही, असं काही नाटकी मी लिहिणार नाही. जेवलो. पण भाकरी गोड लागली नाही.

पुढं प्लेटा तयार झाल्या आणि बेटावरच्या कामाची माणसं बघायला यायची ठरली. त्यांच्यासाठी कारखान्यातच एक छोटा नमुना उभा केला. एक टाकी कोमट पाण्याची, एक बर्फाच्या पाण्याची, मध्ये आमच्या प्लेटा, छोटं टर्बाईन, आणि शेवटी एक बल्ब. सगळा हिशेब माझा होता. बल्ब किती उजळ लागेल हेसुद्धा मी आधीच सांगून ठेवलं होतं.

पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले, मालकांनी मान हलवली, व्हॉल्व्ह उघडले. बल्ब लागला नाही.

मी दोन्ही टाक्यांत हात घातले. दोन्ही सारख्याच कोमट. नानांनी मान खाली घातली आणि मला सगळं कळलं. डेअरीचं कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी उकळतं पाणी आतून फिरवून धुवायचं, हा आमच्या धंद्यातला धर्म आहे. न धुता सुरू केलेलं यंत्र म्हणजे न आंघोळ करता देवाला शिवणं. नानांनी सकाळी कुणी न सांगता, आयुष्यभराच्या सवयीनं, ते केलं होतं. उकळतं पाणी फिरून फिरून बर्फाच्या टाकीत परत आलं होतं आणि मी दाखवायला जमवलेला सगळा फरक धुऊन गेला होता.

मी पाहुण्यांना कारण सांगितलं. इंग्रजीत, मुद्देसूद. ते घड्याळाकडं बघत होते. मालकांच्या कपाळाची शीर दिसायला लागली होती.

तेवढ्यात तो पुढं आला. "पावणं, आमचं हात दुधाचं. धुतल्याबिगर सुरू करायची सवय न्हाई. चूक न्हाई ती, संस्कार हाय. बर्फ आणतोय. तवर चला, तुमास्नी कट्ट्यावर दूध पाजतो."

आणि त्यांना घेऊनही गेला. आमच्या शहरात कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. धार काढून फेसाचा पेला तसाच हातात देतात, अंगाच्या उबेचा. मी मागं राहून बर्फाच्या लाद्या फोडत होतो. ते परतले तेव्हा पाहुण्यांच्या मिशांना फेस होता आणि ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. तो त्यांना सांगत होता, "आता त्यो पेला आणि ही बर्फाची टाकी, एवढाच हिशेब हाय बघा."

बल्ब लागला. मी सांगितला होता बरोबर तेवढाच उजळ. नानांनी डोळे पुसले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्याकडं बघून.

जाताना ते मालकांना म्हणाले की जोडणीला आणि नंतर चालवायला तुमचा एक माणूस बेटावर द्या, काही वर्षांसाठी. आता हे वाचताना तुम्हाला वाटेल तसंच मला वाटलं होतं. कॉलेजपासून मी त्या समुद्राची वाट बघत होतो. कुणी विचारलं असतं तर त्याच रात्री बॅग भरली असती.

दोन-चार दिवसांनी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "बेटावर जातोस?"

माझ्या तोंडून हो निघणारच होतं. तेवढ्यात ते भोळेपणानं पुढं बोलले, "त्येला इचारलं मी. त्यो म्हणाला, इषय तुझा हाय, तुलाच धाडा."

माझ्या डोळ्यांपुढं बेट आलंच नाही. टेबलाच्या मधोमध सरकवलेला डबा आला.

"त्यानं सोडलंय म्हणून मला नको," मी म्हणालो.

"आरं, मी निवडालोय तुला."

"आधी कुणाला विचारलं?"

मालक टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. मी उठून आलो. यात मी चुकलो असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. मला दुसऱ्या नंबरवर विचारलेला माणूस व्हायचं नव्हतं.

तो पाण्याच्या टाकीपाशी माझी वाट बघत होता. "काय भावा, वेडा हाईस काय? मी समुद्र बघितला बी न्हाई."

"मग बघ जाऊन."

त्यानं कुठलाच विनोद केला नाही. "बरं," म्हणाला. त्याला गप्प झालेला मी तेव्हाच पहिल्यांदा बघितला, आणि गप्प असतानाही तो बरा दिसतो हे बघून मला जास्तच राग आला.

जाण्याआधी त्यानं खोलीतला पंखा नानांना दिला, सायकल वॉचमनला दिली, आईला गावी पोचवून आला. शेवटच्या दिवशी त्यानं नेहमीसारखा डबा मधोमध सरकवला आणि हात धुवायला गेला. परत आला तर डबा भरलेलाच. कुणीही हात लावला नव्हता.

"काय रं? आज भुका न्हाईत कुणाला?"

नाना म्हणाले, "आज सगळं तुझं. जेव."

तो बसला. भाकरी मोडली, पुन्हा ठेवली. या डब्याकडं बघ, त्या डब्याकडं बघ. त्याला भरलेला डबा कसा खायचा ते माहीतच नव्हतं. शेवटी त्यानं एक भाकरी उचलून माझ्या डब्यात ठेवली. मी ती खाल्ली. सगळ्यांसमोर परत कशी करणार?

आता तो तिकडं आहे. टेबलाच्या मधोमध आता मिठाची बाटली असते. कधी समुद्र खवळतो, कधी कसला पाइप वेळेवर येत नाही, काम रेंगाळतं. मला त्याचे मेसेज येतात, ते कामाचे. फोन मात्र तो दर रविवारी करतो, आबांना. आबांनी त्यासाठी व्हिडिओचा फोन घ्यायला लावला. पहिल्यांदा त्यानं समुद्र दाखवला तेव्हा आबा फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "केवढी हीर हाय रं." मग आमच्या विहिरीची चादर किती खाली गेलीय ते सांगितलं. तो तिकडून त्याच्या समुद्राचं सांगतो. दोन शेतकरी पाऊसपाण्याचं बोलावेत तसं त्यांचं चालतं. मी शेजारी पेपर वाचत असतो. खरं सांगायचं तर पेपरचं एक पान रविवारी मला अर्धा तास पुरतं.

यंदाच्या उन्हाळ्यात असाच एक रविवार होता. मी विहिरीत पोहत होतो. आबा पायरीवर फोन घेऊन बसले होते, आणि त्याचा आवाज विहिरीत घुमत होता.

"आबा, पंप लई खातोय हितं. उरतंय किती त्ये माझ्या हिशेबात बसंना. तुमच्या पोराला इचारा की. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलतं पंपाचं. आमी हसलो त्येला."

"ह्यानं?"

"व्हय तर. इषयच त्येचा हाय ह्यो. कॉलेजपासनं."

आबांनी फोनवर तळवा ठेवला आणि खाली माझ्याकडं बघितलं. विहिरीत उतरलेल्या माणसाकडं वरून बघतात तसं, नीट दिसावं म्हणून डोळे बारीक करून.

"काय रं, खरं व्हय? किती उरंल?"

"तिथलं वरचं पाणी किती ऊन, खालचं किती गार, ते कळल्याबिगर कसं सांगू?"

"मग वर ये. नीट सांग. मला बी कळू दे."

हेही त्यानंच तिकडून सरकवलंय, हे मला कळत होतं. फोनमधून मागं लाटांचा आवाज येत होता, मी जिथं उभा असायला हवा होतो तिथल्या. जळलो का? जळलो. छातीपर्यंत पाणी कोमट होतं आणि खाली पाय गार पडले होते. मी वर बघितलं. आबा पायरीवर एका अंगाला सरकले होते, आणि शेजारच्या जागेवरची माती हातानं झाडत होते.